चहा निवायच्या आत बी.ए.

बी.ए.चा पहिला पेपर मी चहा निवायच्या आत सोडवून बाहेर आलो.

बाहेर म्हणजे लंडनमधल्या क्रॉयडनच्या परीक्षा केंद्राबाहेरच्या बाकावर. तिथे आमच्या हिने थर्मासमधून नुकताच चहा ओतला होता. मला बघून तिने विचारलं, "अहो, चष्मा विसरलात का?"

"पेपर संपला," मी म्हणालो.

आता मुळात मी, सातवीत शाळा सोडलेला, विमानतळाच्या गोदामात जन्म घालवलेला माणूस, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी बी.ए.च्या वाटेला गेलोच कशाला? तर आमच्या व्याह्यांमुळे. सुनेचे वडील माधवराव, पुण्याचे निवृत्त प्राध्यापक, आमच्याकडे हाउन्सलोला उन्हाळाभर राहायला आले होते. माणूस सज्जन. (तोच तर त्रास! दुर्जन असते तर भांडता आलं असतं.) एकदा चारचौघांत त्यांनी सहज विचारलं, "भाऊसाहेब, आपलं शिक्षण कुठपर्यंत झालं?"

मी म्हणालो, "चालू आहे!"

तोंडातून निघून गेलं ते गेलं. माधवराव भारावले. "या वयात! काय शिकताय?" मी खोकलो. खोकला पुरेसा लांबवला, पण ते उत्तराची वाट बघत थांबले. शेवटी म्हणालो, "बी.ए."

मग ते खरं करून दाखवणं आलं. घरी नुकताच ब्रॉडबँड आला होता, त्यात आमच्या नातीने, नेहाने, शोधून काढलं. नेहा नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत शिकते आणि मराठी स्वतःच्या व्याकरणाने बोलते. "आजोबा, इट्स सो इझी! क्लासला जायची नाही. जे तुम्हाला ऑलरेडी येते, त्याचा एक्झाम द्यायचा. पास झाला की क्रेडिट्स मिळते. खूप क्रेडिट्स झाली की डिग्री!"

विषयांत 'मालसाठा आणि वाहतूक' असाही एक पेपर होता. म्हणजे माझं गोदामच की!

"एक्झाम कॉम्प्युटरवर असते हां," नेहा म्हणाली. "मी माउस शिकवू? आणि स्टार्टला काय काय येते ते दाखवू?"

"अगं, मी जन्मभर फोर्कलिफ्ट चालवली. हे मुठीएवढं यंत्र मला शिकवतेस?"

तर परीक्षेच्या दिवशी हिने हातावर दही-साखर ठेवली आणि आम्ही निघालो. केंद्रातल्या मॅडमनी मला पडद्यासमोर बसवलं. पहिला प्रश्न आला : आठवड्याचे दिवस किती? मी दचकलो. यात काही मेख असणार! पुन्हा वाचला. मेख नव्हती. सात. दुसरा : लंडन कोणत्या देशाची राजधानी? तिसऱ्यात चार आकृत्यांतला गोल दाखवायचा होता. मी दाखवला. मनात म्हटलं, एवढ्यासाठी माधवराव जन्मभर पुस्तकं वाचत बसले?

पडद्यावर आलं, 'शाब्बास! सगळी उत्तरं बरोबर.' खाली एक हिरवं बटण होतं, 'परीक्षा सुरू करा.' ते पुढच्या विद्यार्थ्यासाठी असणार, म्हणून मी मोठ्या मनाने त्याच्यासाठी सोडलं. खुर्ची नीट आत सरकवली आणि उठलो.

"सर, आर यू शुअर?" मॅडम म्हणाल्या. "परत आत येता येणार नाही."

"कशाला येऊ?" मी म्हणालो. "व्हेरी शुअर!"

घरी 'सगळी उत्तरं बरोबर' हे ऐकताच माधवरावांनी उठून माझा हात हातात घेतला. रविवारी आमच्या मराठी मंडळाची बैठक होती, तिथे त्यांनीच माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, सगळं! मला आतून जरा खुटखुटत होतं. पण ते मी शालीखाली झाकलं.

"भाऊसाहेब, मुलांना कळू दे," माधवराव म्हणाले, "पेपरात काय काय विचारलं?"

मी माइक घेतला. "पहिलाच प्रश्न : आठवड्याचे दिवस किती?"

हॉल हसला. मला चेव आला. "दुसरा : लंडन कोणत्या देशाची राजधानी?" लोक टेबलं बडवू लागले. मी इतका विनोदी आहे हे मलाही माहीत नव्हतं! हसत नव्हती ती फक्त नेहा. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, ती प्रॅक्टिस होता. ग्रीन बटण दाबला का?"

"ते पुढच्या माणसाचं होतं."

"ते तुमचा होता, आजोबा. तुम्ही एक्झाम दिलाच नाही."

पहिल्या रांगेत जोशीकाकू बसल्या होत्या. त्यांचे कान फार चांगले, आणि आवाज त्याहून चांगला. "अगंबाई! म्हणजे पेपर दिलाच नाही?"

आत्तापर्यंत खदाखदा हसणारी माणसं आता मला वाईट वाटू नये म्हणून हसेनात. त्याची लाज सगळ्यात जास्त वाटली. मी शाल काढायला लागलो, तर ती नारळाच्या शेंडीत अडकली, आणि ती सोडवायला माधवरावच पुढे आले.

त्या रात्री मी जेवलो नाही. (म्हणजे, हिने वाढलं नाही.) सकाळी माधवराव वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "माधवराव, तो माउस... कसा धरायचा?"

त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची सरकवली. पुढचा महिनाभर माझ्या बोटांवर प्राध्यापकाची बोटं होती.

दुसऱ्या खेपेला हिरवं बटण मीच दाबलं. पुढचे प्रश्न बघून घाम फुटला. ज्या गोदामात मी जन्म काढला, ते हे नव्हेच! पण उठलो नाही. मॅडमनी वेळ संपल्याचं सांगितल्यावर आणि पडद्यावर निकाल आल्यावरच उठलो.

बाहेर माधवराव उभे होते. "काय झालं?"

"नापास."

"शेवटपर्यंत सोडवलात?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी पुन्हा माझा हात हातात घेतला. मला वर बघवेना.

तेव्हापासून कुणी शिक्षण विचारलं की मी खोकत नाही. बी.ए. नापास म्हणून सांगतो. आमच्या सात भावंडांत एवढ्या वरच्या इयत्तेत नापास झालेला मी एकटाच!