इस्त्री केलेला माणूस

माझे काका शिंपी. सगळे त्यांना मास्टर म्हणत. कपडा शिवून झाला तरी इस्त्री केल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. कच्च्या टाक्यांचा कोट कुणी पडद्याआडून डोकावून पाहिला की मास्टर अंगावर धावून जात.

पार्किन्सन झाल्यावर आधी सुईत दोरा जाईना, मग कात्री कापडावर भरकटायला लागली आणि दुकान बंद झालं. नियम तेवढा उरला. तो त्यांनी स्वतःला लावला, आणि याचा मला अजूनही संताप येतो.

मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून तयार. खिशात गोळ्यांची डबी. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या दुपारची गोळी आधीच तोंडात टाकायची, वर आणखी अर्धी. आमचा नंबर येईपर्यंत अंग मोकळं व्हायचं आणि स्वारी ताठ मानेने आत. डॉक्टर म्हणत, मुठी उघडा-मिटा, बोटं आपटा, खिडकीपर्यंत चालून या. काका नवरदेवाच्या ऐटीत चालून येत.

"मध्येच पाय अडतात हो यांचे," काकू सांगायची. "पुढच्या गोळीच्या आधीच अंग आखडतं. झोपेत कूस बदलता येत नाही."

"हिला काळजी करायचं व्यसनच आहे, डॉक्टर," काका हसायचे.

बाहेर ही गर्दी. डॉक्टर डोळ्यांना दिसेल त्यावर विश्वास ठेवत आणि तीच औषधं पुढे चालू राहत. घरी पोहोचेपर्यंत मास्टरांचं लाकूड झालेलं असायचं. मी आणि काकू त्यांना दोन्ही बाजूंनी धरून जिना चढवायचो. मी फणफणायचे.

मग एकदा न्हाणीघराच्या दारात पाय अडले आणि ते तोंडावर आपटले. भुवईला टाके पडले.

"पुढच्या खेपेला कंबर मोडेल," मी म्हणाले. "आता तरी खरं सांगा डॉक्टरांना."

"कपाटाचं दार लागलं म्हणून सांगू," काका म्हणाले.

तपासणीच्या दिवशी सकाळी काकूने त्यांच्या शर्टाला इस्त्री केली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावून.

बाकावर बसल्यावर काकांनी खिशात हात घातला. डबी नव्हती. त्यांनी दुसरा खिसा चाचपला, मग काकूकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"दे." आवाज आधीच बारीक झाला होता.

"आत गेल्यावर देते," काकू म्हणाली. "आज त्यांना बघू दे."

नाव पुकारलं. आम्ही काकांना उठवलं, आणि डॉक्टरांच्या दारात त्यांचे पाय जमिनीला खिळले. गुडघे थरथरत होते, पाऊल उचलत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, जरा बाजूला घ्या की त्यांना." लाळेचा ओघळ कॉलरवर उतरला. मला वाटलं, त्यांना आत ओढून दार लावून घ्यावं.

डॉक्टर खुर्चीतून उठून आले. "हे असं कधीपासून?"

"हे रोजचंच आहे," काकू म्हणाली.

तिचं म्हणणं हसण्यावारी न्यायला त्या दिवशी काकांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता.

डॉक्टरांनी सगळं बदललं. गोळी थोडी थोडी पण जास्त वेळा, जेवणाच्या बरंच आधी, शिवाय चालण्याचे व्यायाम. फरक पडला. काका आता कठडा धरून जिना स्वतः चढतात. काकूने केलं ते बरोबरच केलं, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

पण त्या दिवसापासून काका तिच्या हातून गोळी घेत नाहीत. डबी उशाशी ठेवतात, स्वतःच उघडतात. हात कापतो, गोळी घरंगळत पलंगाखाली जाते. काकू गुडघे टेकून ती शोधते, पदराने पुसते, टेबलाच्या कडेवर ठेवते आणि खोलीबाहेर निघून जाते. ती जाईपर्यंत काका गोळीला हात लावत नाहीत.