याचा तांडेल कोण?

कुठलीही नवी लायब्ररी सुचवली, की हेमाताई खुर्ची मागे सरकवून एकच प्रश्न विचारायच्या, "याचा तांडेल कोण?" लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपण आयता उचलायचा कोड. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. ठाण्याच्या खाडीवर त्यांचे वडील तांडेल होते, आणि डोंबिवलीत मानपाड्याच्या, वेबसाइट बनवणाऱ्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या.

आम्ही पोरं लायब्ररी निवडायचो ती किती लोक वापरतात ते बघून. ताई सांभाळणाऱ्याचं नाव शोधायच्या, लोकांच्या तक्रारींना तो उत्तरं देतो का ते वाचायच्या आणि सरळ त्याला मेल टाकायच्या. कल्याणच्या एका डायलिसिस केंद्राची साइट करताना मी एक देखणं कॅलेंडर आणलं. ताईंनी ते लिहिणाऱ्याला विचारलं, "तुम्ही आजारी पडलात तर कोण बघतं?" "कोणी नाही," असं उत्तर आलं. ताईंनी त्याचे आभार मानले आणि कॅलेंडर नाकारलं.

आमचे साहेब वैतागले. "मॅडम, लाखो लोक वापरतात ते."

"बसणारे लाखो असतील, साहेब. वल्हवणारा एकटा हाय." चिडल्या की त्यांच्या तोंडी कोळीवाडा यायचा.

ते कॅलेंडर आजही ठणठणीत चालू आहे. साहेब त्यावरून टोमणे मारायचे. ताई मात्र दर दिवाळीला त्या परक्या माणसाला मेल करून तब्येत विचारायच्या. मला हे सगळं अतीच वाटायचं.

त्याच साइटवर तारखा आणि वेळा मराठीत दाखवायला ताईंनी स्वतः एक लहानशी लायब्ररी लिहिली होती आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. कुठले कुठले लोक ती वापरायचे. कोणी चूक दाखवली की ताई डबा अर्धा ठेवून दुरुस्तीला बसायच्या. त्यांचा फार जीव होता तिच्यात.

मग ताईंना कॅन्सर निघाला. मी घरी भेटायला गेलो, तर बसायच्या आत म्हणाल्या, "माझी लायब्ररी काढ त्या डायलिसिसच्या साइटवरून. चारचौघं सांभाळतात अशी घाल."

"ताई, व्यवस्थित चाललीये ना ती."

"तांडेल कोन हाय तिचा? सांग ना."

मी म्हणालो, "मी बघेन."

"तू उद्या पुण्याला नोकरी धरशील, आणि धरायलाच पाहिजेस. इथे एखाद्याला वेळ चुकीची दिसली, तर त्याचं डायलिसिस चुकेल रे. मला झोप नाही लागत."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, याचाच मला राग आला. ऑफिसात बसून मी त्यांची एकेक ओळ काढली आणि चारचौघं सांभाळतात अशी दुसरी लायब्ररी घातली. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ताईंनी मोबाइलवर पुढच्या तारखा स्वतः तपासल्या. मग लायब्ररीच्या पानावर सगळ्यात वर माझ्याकडून लिहून घेतलं, 'आता हिच्याकडे बघणारं कोणी नाही. दुसरी वापरा.' "आता बरं," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पावसाळा संपता संपता ताई गेल्या. त्यांना पोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती साइट उघडून बसलो. पेशंट वेळा घेत होते. तारखा मराठीत, बरोबर दिसत होत्या. कुठेच काही बिघडलं नव्हतं. ताईंना हेच हवं होतं. मला मात्र सारखं वाटत होतं, त्या गेल्यावर काहीतरी अडायला हवं होतं.