दोऱ्याचा कंदील

हे सांगायचं मी चार वर्षं टाळलं, कारण यातला मूर्ख मीच आहे.

आमच्या शेजारची बाई भरतकामाच्या मशीनवर दोऱ्याचे कंदील करायची. पाण्यात विरघळणाऱ्या कागदावर नक्षी भरायची, मग कागद विरघळवायचा, की मागे नुसती दोऱ्याची जाळी. वाळून ती कडक झाली, की सहा तुकडे जोडून कंदील आपला आपण उभा राहायचा. शिव्या ती मशीनला तेलुगूत द्यायची, मला मराठीत. "काका, लई शिकवता की! गप बसा जरा."

एकदा एक दुकानदारीण नमुना बघायला येणार होती. पसंत पडला तर दिवाळीभराचं काम. बाईनं तुकडे बादलीत बुडवले, वाळत घातले आणि बाजारात गेली. मी हात लावला, तर चिकट! चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं रंगखात्यात काढलेला माणूस मी; तीन पाण्यांतून खळखळून काढले आणि परत दोरीवर टाकले. विरघळलेल्या कागदाच्या त्या चिकटपणानंच जाळी ताठ राहते, हे मला कुठं ठाऊक!

दुसऱ्या दिवशी दुकानदारिणीसमोर कंदील ओल्या मोज्यासारखा बसला.

"ताप आलाय त्याला," बाई हसत म्हणाली. दुकानदारीण हसली नाही, उठून गेली.

"या मशीनचे टाकेच सैल पडाय लागलेत," म्हणत बाईनं आठवड्यात मशीन विकलं. रिक्षात चढवताना एका बाजूनं मीच धरलं होतं.

आता ती डब्यांच्या पोळ्या लाटते. जिन्यात भेटली की मी म्हणतो, "ते तुकडे त्या दिवशी..."

"कुठले तुकडे, काका?"

"काही नाही. आज पाणी येणार का?"