वरच्या बटणाची खूण

ऐंशीच्या दशकात आठ वर्षे मी एका हौशी नाट्यमंडळात प्रॉम्प्टर होतो. दिवसा ठाण्यात कारकुनी आणि संध्याकाळी नौपाड्यातल्या एका शाळेत तालीम. बाके भिंतीला लावली की वर्गाचा रंगमंच होई. मी स्वतः रंगमंचावर कधी उभा राहिलो नाही. तशी इच्छाही नव्हती.

प्रॉम्प्टरने वाक्य वाचून दाखवायचे असते, असा लोकांचा समज आहे. वाक्य द्यायचे नसते. पहिला शब्द द्यायचा, तोही प्रेक्षकांपर्यंत पोहोचणार नाही इतपतच. खरे अवघड काम वेगळे. नट थांबला आहे की विसरला आहे, हे ओळखावे लागते. आमचे मुख्य नट फार लांब पॉज घेत. एकदा त्यांच्या अशाच पॉजमध्ये मी शब्द टाकला आणि प्रसंग नासला. तेव्हा आम्ही एक खूण ठरवली. त्यांनी उजव्या हाताने सदऱ्याचे वरचे बटण चाचपले तर शब्द द्यायचा. एरवी कितीही वेळ गेला तरी तोंड उघडायचे नाही. ही खूण आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

ते डोंबिवलीत कोपरला राहत. पन्नाशी उलटली होती. नव्या नाटकात ते मुलाला घराबाहेर काढणाऱ्या बापाचे काम करीत आणि ते काम गाजत होते. मात्र तिसऱ्या अंकात त्यांचा हात बटणाकडे जाऊ लागला. आधी प्रयोगाला एकदा, मग दोनदा. मी शब्द देई, ते पुढे जात. याविषयी मी कोणाला बोललो नाही. तेही माझ्याशी बोलले नाहीत.

एका तालमीत चहा घेताना ते मला सर्वांदेखत म्हणाले, "प्रॉम्प्टरसाहेब, तुम्ही आता पहिल्या रांगेत बसून नाटक बघा हो. विंगेत डास मारण्यापलीकडे काम काय उरलंय तुम्हाला?"

"असं कसं?" नायिकेचे काम करणाऱ्या बाई म्हणाल्या. "ठाण्याच्या डासांचंसुद्धा तिन्ही अंकांचं पाठांतर झालंय यांच्यामुळे!"

सगळे हसले. दिग्दर्शक सर्वांत मोठ्याने हसले. आदल्या रविवारच्या प्रयोगात मी मुख्य नटांना चार वेळा शब्द दिला होता. ते भीतीपोटी बोलत होते. हे मला तेव्हा कळले नाही, असे मी म्हणणार नाही. कळले होते. तरीही ते मनाला लागले.

पुढचा प्रयोग कल्याणला होता. तिसऱ्या अंकात मुलगा बॅग घेऊन दारात उभा राहतो आणि बापाचे वाक्य असते, "तुझ्या आईची खोली तेवढी उघडी ठेवून जा." ते थांबले. उजवा हात वर गेला आणि बटणावर टेकला.

पुस्तक माझ्या मांडीवर उघडे होते. बोट ओळीवर होते. पहिला शब्द होता "तुझ्या". मी तो दिला नाही.

त्यांनी पुन्हा बटण चाचपले. मान वळवून विंगेकडे पाहिले नाही. तेवढी शिस्त त्यांच्यात शेवटपर्यंत होती. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "काका, घरी जाऊन वही घेऊन या!" प्रेक्षागृह हसले. मुलाचे काम करणारा नट मनाचीच दोन वाक्ये बोलून निघून गेला आणि पडदा पाडावा लागला.

"काय झालं?" दिग्दर्शकांनी मला विचारले.

"मला पॉज वाटला," मी म्हणालो.

"त्यांना बोलू नका," मुख्य नट रंग पुसता पुसता दिग्दर्शकांना म्हणाले. "माझा पॉजच तसा असतो."

त्यांनी स्वतःहून काम सोडले. पुढे मंडळही सोडले.

त्यांच्या इमारतीत एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांची दृष्टी गेली होती. त्यांना ते रोज वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. मग कथा वाचू लागले. ऐकायला जिन्यात माणसे बसू लागली, तेव्हा बैठक गच्चीवर गेली आणि गच्चीवरून शाळांच्या सभागृहांत. नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्ही चालू असताना लोक तो बंद करून त्यांचे अभिवाचन ऐकायला येत. एक खुर्ची, एक दिवा आणि हातात कागद. आवाज पूर्वीचाच होता. हात बटणाकडे जात नव्हता.

डोंबिवलीतल्या अशा एका कार्यक्रमाला मी गेलो आणि मागे बसलो. संपल्यावर त्यांनी मला हेरलेच.

"या, प्रॉम्प्टरसाहेब! बघा, आता शब्द हातातच घेऊन बसतो. तुमची नोकरी गेली!"

"चांगलं वाचलंत," मी म्हणालो.

माणसे पांगेपर्यंत ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक विचारायचं होतं. एका नाटकात काम आलंय. लहानच आहे, पण उभं राहून, कागदाशिवाय. फार मनात आहे हो. पण कल्याणचा तो दिवस नीट आठवत नाही. मला वाटतं, मी खूण केली होती. केली असेल तर वाक्य विसरलो तरी डोकं ठिकाणावर होतं म्हणायचं. केली होती का?"

बोलता बोलता त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या वरच्या बटणावर गेला होता. त्यांना ते कळले नसावे.

"नव्हती केली," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. कागद पिशवीत नीट ठेवले. "मग नको ते काम. आपला कागदच बरा." दिवा बंद करून ते माझ्याकडे वळले. "इतकी वर्षं उगाच तुमच्याविषयी मनात काहीबाही यायचं. राग मानू नका."

"असू द्या," मी म्हणालो.

त्यानंतर ते बरीच वर्षे वाचत राहिले, नेहमी बसूनच. उतारवयात नवी कला उभी केली म्हणून त्यांचा एकदा सत्कार झाला. त्याचे निमंत्रण मला आले होते. मी गेलो नाही. आता ते नाहीत. त्यांनी खूण केली होती. दोनदा केली होती.