आपोआप काळी होणारी काच

दहा वर्षं मी आमच्या ह्यांचं वेल्डिंग नुसतं ऐकलं, पाहिलं कधीच नाही. मी दोन्ही हातांनी लोखंडी पट्टी धरायची, त्यांनी "डोळे" म्हटलं की डोळे घट्ट मिटून मान भिंतीकडे फिरवायची, आणि चरचर थांबली की पुन्हा उघडायचे. अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर, त्याच्या मागे पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये आमचा रविवार. विहारातून वंदना करून आले, की साडी बदलेपर्यंतसुद्धा ह्यांना दम निघायचा नाही. "अगं, धरायला ये." बाकीच्या बायका रविवारी केस धुवायच्या, झोप काढायच्या, माहेरी जाऊन यायच्या. मी पट्टी धरायचे.

सुरुवातीला हे सगळं हौसेचं होतं. ते एमआयडीसीतल्या कारखान्यात वेल्डर. घरी कोणाची जाळी जोडून दे, कोणाच्या खुर्चीचा पाय बसवून दे, एवढंच चालायचं. मग नव्वदनंतर तिकडचे कारखाने एकेक करून थंडावले, ह्यांचाही बंद पडला, आणि हौसेवर पोट आलं. नशीब एवढंच, की बदलापूरला तेव्हा इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि नव्या फ्लॅटवाल्यांना सामान आणण्याआधी खिडक्यांना ग्रिल हवं असायचं. रविवार आठवडाभर पसरला. सकाळी मी लोकांच्या साड्यांना फॉल लावायचे, दुपारी पट्टी धरायचे. कंटाळा आलाय हे सांगायचाही कंटाळा यायचा.

हातात धरायची वेल्डिंगची स्क्रीन तुम्ही पाहिली असेल. फायबरची ढाल, मध्ये काळी काच. ती काच इतकी काळी, की ठिणगी पेटेपर्यंत तिच्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून वेल्डर आधी उघड्या डोळ्यांनी रॉड सांध्यावर नेतो, मग स्क्रीन तोंडापुढे घेतो आणि अंदाजाने ठिणगी पाडतो. ह्यांचं ठरलेलं होतं: रॉड जागेवर, मग "डोळे", मग स्क्रीन. तो इशारा माझ्याइतकाच त्यांच्या स्वतःसाठीही होता. पण छोटा टाका मारायचा असला की स्क्रीन घ्यायचा आळस. नुसते डोळे मिटायचे आणि रॉड टेकवायचा. कारखान्यातले सगळेच तसं करायचे, त्यात त्यांना मर्दपणा वाटायचा. संध्याकाळी डोळे लाल, पाणी वाहतंय, वाळू गेल्यासारखं खुपतंय. मग मी बटाट्याच्या चकत्या कापून त्यांच्या डोळ्यांवर ठेवायचे आणि ते पडल्या पडल्या म्हणायचे, "पेपर तू वाच, मी ऐकतो." मला तो साहेबी थाट वाटायचा.

शेवटी मी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाहेर बाकावर मी पिशवी सांभाळत बसले, ते आत गेले. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, "जपा म्हणालेत. असंच चालू ठेवलं तर काम करायला डोळे उरायचे नाहीत." मी घाबरले होते, हे सरळच सांगते. आमचं घर त्या दोन डोळ्यांवर चाललं होतं.

त्याच सुमाराला शेजारणीचा भाऊ आखातातून सुट्टीवर आला. त्याने सांगितलं, तिकडे डोक्यावर घालायचं हेल्मेट असतं. त्याची काच एरवी स्वच्छ, आरपार दिसतं, आणि ठिणगी पडली रे पडली की आपोआप काळी होते. हे चहा प्यायचे थांबले. "ठिणगी पडायच्या आधी दिसतं?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "सगळं दिसतं, दाजी." मग आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

आपल्याकडे तेव्हा ते नवंच होतं. चौकशी करत करत उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाचा पत्ता लागला. दुकानदार म्हातारा सिंधी, शांत माणूस. त्याच्याकडे बाहेरून आलेली दोन हेल्मेटं होती. एकाची काच ठरलेल्या एकाच मापाइतकी काळी होणारी, वजनाला हलकी. दुसऱ्याला बाजूला फिरवायचं बटण, पातळ रॉडला कमी काळी, जाड रॉडला जास्त, पण जड. माझ्या मते यात पाच मिनिटांचा विचार होता. आम्ही तीन फेऱ्या मारल्या.

पहिल्या दिवशी दुकानदाराने गॅसचा लायटर काचेसमोर टकटक केला आणि ती खरंच काळी झाली. "देखो भाऊ, अपने आप." हे म्हणाले, लायटर म्हणजे काय वेल्डिंग आहे का? दुसऱ्या फेरीला दुकानदाराने शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे दोन्ही हेल्मेटं नेऊ दिली, तिथे ह्यांनी रॉड जाळून पाहिले. जड हेल्मेटाने मान दुखेल का, सेल संपला तर इथे मिळेल का, पट्टा घामाने कुजेल का, सगळं विचारून झालं. तरी समाधान होईना. तिसऱ्या फेरीला ते हेल्मेट घालून दुकानात उभे, आणि मला म्हणाले, "ते बिलबुक समोर धर." मी धरलं. "अजून जवळ." मी जवळ नेलं. "थोडं डावीकडे." ते रेघांकडे बघत राहिले, मान वाकडी करून, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. माझ्या दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, पायाला कळ लागलेली.

"अहो, मला बघायलासुद्धा तुम्ही एकदाच आला होतात," मी म्हटलं.

"तेव्हा डोळे चांगले होते," ते आतून म्हणाले.

दुकानदार खो खो हसला. "भाभी, इनको बटनवाला दिला दो. घर जाके देखने दो. नही जमा तो वापस लाओ." मीही हसले. बटणवालं घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये त्याचं उद्घाटन. एका हातात होल्डर, दुसरा हात मोकळा; इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळा. ते त्या हाताचं काय करावं हे न सुचून तो कमरेवर ठेवत होते. मला हसू आलं. मी पट्टी धरली आणि नेहमीसारखी रॉडच्या टोकाकडे बघत "डोळे" ऐकायची वाट पाहू लागले.

ते म्हणालेच नाहीत. त्यांना कशाचीच तयारी करायची नव्हती ना, स्क्रीन उचलायची नव्हती, नजर झाकायची नव्हती. रॉड टेकवला आणि पेटवला. माझ्या डोळ्यांत पांढरं झालं. मी पट्टी सोडली, ती पायावर पडली. त्यांना वाटलं पायाला लागलं म्हणून ओरडले मी.

डोळ्यांना वेल्डिंग लागणं म्हणजे काय असतं, ते त्या संध्याकाळी मला कळलं. बटाटे या वेळी त्यांनी कापले, भज्यांना कापावेत तसे जाड. दोन दिवस मी अंधार करून पडून होते, लोकांच्या साड्या तशाच पडलेल्या. ते पायाशी बसून राहिले.

"तुमची काच काळी झाली. माझी कोण करणार होतं?" मी म्हटलं.

"बोलायची गरजच पडली नाही," ते म्हणाले. "म्हणून राहून गेलं. दहा वर्षांत एकदा नाही राहिलं."

ते खरं होतं, त्यामुळे मला नीट भांडताही येईना.

पुढच्या रविवारी शेडमध्ये गेले, तर त्यांनी ते हेल्मेट उचलून माझ्या डोक्यावर घातलं आणि मागचा पट्टा आवळायला लागले. स्वतःसाठी कोपऱ्यातली जुनी स्क्रीन काढून ठेवली होती. मी चिडले. तीन फेऱ्या काय यासाठी मारल्या? डॉक्टरांनी कोणाला जपायला सांगितलं होतं? दोन घेण्याइतकी आपली ऐपत नाही, मग ज्याच्या डोळ्यांवर पोट आहे त्याने घालावं.

"तुझी नजर शाबूत आहे," ते म्हणाले. "घरात एक जोडी तरी राहू दे. धर पट्टी."

मी धरली. ते म्हणाले, "डोळे." सवयीने पापण्या मिटल्याच होत्या, मुद्दाम उघडल्या.

ठिणगी पडली, काच काळी-हिरवी झाली, आणि मध्ये एक छोटा प्रकाशाचा थेंब दिसला, वितळणारा. पण तो सांध्यावर नव्हता. सांधा अर्ध्या बोटाने बाजूला राहिला होता, आणि रॉड कोऱ्या पट्टीवर जळत होता. त्यांनी रॉड उचलला. स्क्रीन बाजूला करून, मान वाकडी करून पाहिलं. "डोळे." पुन्हा पेटवला, पुन्हा बाजूला. तिसऱ्यांदा सापडला. मग हातोडीने खपली उडवून त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला. तसा ते नेहमीच फिरवायचे. मला वाटायचं, स्वतःच्या कामावर प्रेम आहे.

मी हेल्मेट वर केलं. "तुम्हाला सांधा दिसत नाही?"

ते अजून अंगठाच फिरवत होते. "कडेचं दिसतं. मधे बघायला जावं, तर नेमकं तेच नसतं. पडदा भाजलाय म्हणाले डॉक्टर. त्याला चष्मा नाही."

"त्या दिवशीच सांगितलं होतं?"

"हो."

म्हणजे पेपर मी वाचायचे ते म्हणून. बिलबुक जवळ धरायचं ते म्हणून. मला आधी राग आला, इतका की तिथून उठून जावंसं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं, आणि या दोन्हींच्या खाली मी नुसती दमलेली होते. बदलापूरच्या एका गिऱ्हाईकाला सोमवारी ग्रिल हवं होतं. अजून सगळे जोड तसेच होते.

मी पट्टीवर वीट ठेवली, वर पाय दिला. त्यांचा जुना हातमोजा घातला, हेल्मेट खाली ओढलं. नवा रॉड लावलेला होल्डर त्यांच्या हातात होता; तो हात मनगटाशी धरला आणि टोक सांध्याच्या वर नेऊन थांबवलं.

"डोळे," मी म्हटलं.

स्क्रीनच्या मागे त्यांनी ते मिटले की उघडे ठेवले, मला कळलं नाही. हात मात्र त्यांनी माझ्या हातात सैल सोडला होता.