टाकीचे सकाळचे फोटो
परवा बंगळुरात, मारतहळ्ळीत शोभेच्या माशांच्या दुकानापाशी ओल्या, खारट वाळूचा वास आला आणि माझी पहिली खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आठवली. तेव्हा नोकरीला वर्ष झालं होतं. घरातला पहिला पदवीधर मी. ऑफिसात मला उभं केलं ते पुण्याच्या एका सीनिअरनं, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. टाकीचा नादही त्यांनीच लावला. "वाळू धुवू नकोस, त्यातले उपयोगी जिवाणू जातात," त्यांनी बजावलं आणि मी पिशवी तशीच ओतली. पाणी ताकासारखं पांढरं झालं. पंप घरघरत राहिला, पण दोन आठवडे गढूळपणा हटेना. रोज सकाळी मी दादांना फोटो पाठवायचो. "धीर धर," एवढंच उत्तर यायचं. शेवटी वाळू विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं. "सर, ही सुकी वाळू, हिच्यात कुठले जिवाणू? स्वल्प धुवायची होती," तो म्हणाला, थोडी या अर्थाचा कानडी शब्द मध्येच घालून. दादांचीही चूक होऊ शकते, असं मी मनाला समजावलं. त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये एका सहकाऱ्यानं "तुझी टाकी फेमस आहे रे" म्हणत फोन पुढे केला. मी नसलेल्या ऑफिसच्या एका ग्रुपवर माझे सगळे फोटो होते आणि खाली दादांनी लिहिलं होतं, "आजचं ताक. वाळू अजून धुतलेली नाही. सांगाल ते ऐकतो बिचारा." मी डबा संपवला, घरी जाऊन सगळी वाळू बादलीत सात-आठ पाण्यांनी धुतली. तिसऱ्या दिवशी टाकीतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसली, आणि माझा हात आनंदानं फोनकडे गेला, दादांना फोटो पाठवायला. त्या हाताचा राग मला अजूनही येतो.