जिच्या घराला कुणी वाईट म्हणेना

ऑफिसात किस्से कसे साठतात याचं माझं एक साधं निरीक्षण आहे. फाइल पुढे जाते, किस्सा मागे राहतो! मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ऑफिसात घरकुलाच्या टेबलावर नोकरी काढली. निराधार पेन्शनचे कागदही गावच्या चौकशीसाठी माझ्याकडेच यायचे. या फाइली आधी भंडाऱ्याला जायच्या, मग गोंदियाला जाऊ लागल्या, शेवटी ग्रामसभेत गेल्या. किस्से तेवढे मी मुर्रीला घरी घेऊन आलो. बायको म्हणते, "एवढ्या वर्षांत एवढंच आणलं तुम्ही!"

*

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हाची गोष्ट. तोवर कुणाला घर द्यायचं आणि कुणाला पेन्शन, हे सगळं भंडाऱ्यात ठरायचं. एक दिवस ट्रकमधून एक लोखंडी कपाट आलं. सोबतचा माणूस म्हणाला, "तुमच्या तालुक्याचे सगळे अधिकार यात आहेत." किल्ली मात्र भंडाऱ्यातच राहिली होती आणि किल्लीवाले बाबू मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते.

आमचे विस्तार अधिकारी म्हणजे कटरे साहेब. सडक अर्जुनीकडचे शेतकरी घराण्यातले, मन मोकळं आणि आवाज मोठा. लोक येऊन विचारायचे, "साहेब, माह्या घराचं काय झालं जी?" साहेब कपाटाकडे बोट दाखवायचे. एका म्हाताऱ्याने तर चप्पल काढून त्या कपाटाला हात जोडले. शिपाई मडावी कपाटावर जेवणाचा डबा ठेवायचा, त्याला साहेब ओरडले, "अधिकारावर डबा ठेवून राहिला का बे?"

शेवटी एकदाची किल्ली आली. ती लागेना. साहेबांनी चिडून कपाटाला लाथ हाणली आणि दार उघडलं! कुलूप कधी लावलेलंच नव्हतं. इतके दिवस कुणी ओढून पाहिलं नव्हतं.

*

अधिकार आले तरी लोकांची सवय जायला वेळ लागतो. एका बाबाजीची पेन्शन आमच्याकडे मंजूर झाली. मी त्यांना कागद दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"कधी झालं हे?"

"आत्ताच झालं, बाबाजी. तुमच्यासमोर सही झाली."

"भंडाऱ्याले जावं नाही लागत?"

"नाही."

बाबाजींनी कागद उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "एवढ्या जवळचा कागद पक्का राह्यते का जी?"

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी ते एसटीने भंडाऱ्याला गेले आणि तिथे तो कागद कुणाला तरी दाखवून आले. तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

*

निराधार पेन्शनसाठी आपण निराधार आहोत असं सांगावं लागतं. हा नियम ज्याने केला त्याने आमच्याकडचा माणूस पाहिला नसावा. इकडे कुणी "माझं कुणी नाही" असं तोंडाने म्हणत नाही. तसं म्हणणं अशुभ मानतात, आणि कमीपणाचंही.

देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या एका आजोबांना कटरे साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कोण आहे?"

"सारा गाव हाय जी!"

"तसं नाही. पोरगा? पोरगी? सांभाळणारं कोणी?"

"साहेब, कायले टेंशन घेता? सारा गाव हाय मनलं नं!"

साहेबांनी तीन तऱ्हांनी विचारलं. आजोबा मागे हटेनात. साहेबांना खोटं लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी लिहिलं, "अर्जदारास गाव आहे." वरच्या ऑफिसातून कागद परत आला. त्यावर शेरा होता, "गावाचे वार्षिक उत्पन्न नमूद करावे."

*

आता सुकवंताबाई. देवरीच्या रस्त्यावरचं एक गाव, नाव सांगत नाही, तिथे हल्ली सगळे वाचतात. ही एकटी विधवा बाई, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवण्याला जायची. घर मातीचं, वर कवेलू म्हणजे कौलं. निम्मे कवेलू फुटलेले आणि मागची भिंत बाहेर झुकलेली. पुढच्या एखाद्या पावसाळ्यात ती भिंत हिच्या अंगावर पडणार हे मला स्पष्ट दिसत होतं. घरकुलावर हिचा पहिला हक्क होता. घर राहण्यालायक नाही असं तपासणीला आलेल्या साहेबाने लिहायचं, की काम झालं.

गोंदियाहून साहेब आले. पण गावात दवंडी आधीच झाली होती, "साहेब येऊन राहिले!" आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की बाई काय करते? सुकवंताबाईने घर सारवलं, भिंतींना छुईची पांढरी माती लावली, दारात रांगोळी काढली. कुठून तरी साखर आणून चहा केला. साहेब ओसरीवर बसले, गार वाटलं त्यांना. म्हणाले, "हे तर माझ्या क्वार्टरपेक्षा चांगलं आहे!" तसंच त्यांनी लिहिलं.

पुढच्या वेळी कटरे साहेबांनी आदल्या दिवशी स्वतः जाऊन बजावलं, "बाई, उद्या काही करायचं नाही. सारवायचं नाही. आहे तसं राहू द्या." ती हो जी, हो जी म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर अंगण लख्ख, आणि मागच्या भिंतीवर तिचं ठेवणीतलं लुगडं पडद्यासारखं टांगलेलं. तपासणीचा फोटो फार सुंदर आला.

मला तिचा रागच आला. मी म्हटलं, "काऊन केलं असं? घर नको का तुम्हाला?"

"पाह्यजे नं साहेब. पन तुमी घरी आले, अन् मी तुमाले पडकी भिंत दाखवू?"

*

मग घर कुणाला द्यायचं हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. कटरे साहेब खूश झाले. "आता बाहेरचा साहेब नको की फोटो नको. गावाला माहीत आहे कुणाचं घर पडून राहिलं!"

सभा शाळेच्या पटांगणात भरली. सरपंचांनी विचारलं, "सुकवंताबाईचं घर राह्यन्याच्या लायक नाही, असं कोनाचं मननं हाय?"

कुणी बोलेना. प्रत्येकाने त्या घरी कधी ना कधी चहा घेतला होता. बाई समोर डोक्यावर पदर घेऊन बसलेली, आणि तिच्या तोंडावर तिच्या घराला वाईट म्हणायचं? एकजण हळूच म्हणाला, "घर तं चांगलंच हाय जी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कटरे साहेबांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात झनकाबाई उठली. ही सुकवंताबाईची सख्खी जाऊ. दोघींची घरं लागून आणि मधे मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. झाड झनकाबाईचं, पण पानं पडायची सुकवंताबाईच्या अंगणात. त्यावरून अबोला. बोलायचं झालंच तर दोघी आपापल्या बकरीला उद्देशून बोलायच्या.

"हिच्या घराले घर मनते का?" झनकाबाई कडाडली. "पानी आला का ही खाटेवर नाही, खाटेखाली झोपते! भित लुगड्यानं झाकते अन् साहेबाले दाखवते! माही बकरी बी त्या घरात पाय ठेवत नाही!"

"माह्या घराले नाव ठेवते?" सुकवंताबाई उठली. मग जे झालं ते मी सभेच्या इतिवृत्तात लिहिलेलं नाही. मी लिहिलं, "श्रीमती झनकाबाई यांनी सविस्तर माहिती दिली. ठराव एकमताने मंजूर."

आम्ही जीपमध्ये बसलो तर झनकाबाई खिडकीशी आली. "बकरीचं बी लिवलं का जी?"

*

घर झालं. पक्कं, स्लॅबचं. मी शेवटच्या तपासणीला गेलो तर बाईने नव्या सिमेंटच्या फरशीवर शेण सारवून ठेवलेलं! ओल्या सारवणात माझ्या पायाचा अंगठा उमटत होता. मी कडेने बसलो. चहा घेतला.

"जाऊबाईंना बोलावलं का घर पाहायला?"

"कायले बोलावू? तिनं साऱ्या गावासमोर माह्या घराले नाव ठेवलं."

चुलीजवळ मुनग्याच्या ताज्या शेंगांची जुडी पडली होती. मी तिकडे पाहिलं, तशी तिने त्यावर सूप उपडं ठेवलं.

*

मी रिटायर व्हायच्या बेतात होतो तेव्हा त्याच गावात पुन्हा ग्रामसभा होती. तोवर झनकाबाईही एकटी पडली होती. तिच्या छपराचं एक टोक वादळाने नेलं होतं, आणि यादीत एकाच घराची जागा होती. आम्ही सकाळी तिच्याकडे डोकावलो, तर अंगण सारवलेलं, भिंतीला छुई, दारात रांगोळी. उडालेल्या छपराखाली तिने आमच्यासाठी सतरंजी अंथरली होती.

सभेत सरपंचांनी तोच प्रश्न विचारला. कुणी बोलेना. झनकाबाई खाली मान घालून बसली होती. एकजण म्हणाला, "घर तं चांगलंच हाय जी."

तेव्हा मागच्या रांगेत सुकवंताबाई उठली. तिने पदर कमरेला खोचला.

"किती वर्सापासून वाट पाहून राहिली मी ह्या दिसाची," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "पेन उघडा, साहेब."